पालथे लेप

बाजारात तिला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे म्हणताना फारशी खबरदारीही घेत नसत, कारण हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मासळीबाजाराच्या समुद्राकडच्या दाराशी पहिला ओटा तिचा. वजनकाटा पार दुसऱ्या टोकाला. तिने इथून हाळी दिली की तिथे उभ्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळायचा, असं सांगतात. सांगणारे तिच्याच घरचे आहेत, तेव्हा थोडं कमी करून घ्यावं.

आणि नेमका त्या घशानेच दगा दिला. आधी आवाज बसला, मग चिरका झाला, मग आतून कुणी किसणी फिरवतंय असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. गाठ निघाली, ती काढली. गाठ साधी होती, पण त्यांनी भरलेला दम साधा नव्हता. “हंगाम संपेपर्यंत एक शब्दही नाही. कुजबुजसुद्धा नाही. जखम भरायच्या आत ओरडलात तर आवाज कायमचा जाईल, आणि मग मला काही करता येणार नाही.”

नवरा शेजारी उभा होता. त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. पण त्याच्या मिशीखाली काहीतरी हललेलं तिने पाहिलं आणि याचं उट्टं नंतर काढायचं हे तिथेच ठरवून टाकलं.

घरात मग अशी शांतता पसरली की मांजरसुद्धा बिचकून वागायला लागलं. काही सांगायचं असलं की ती पळीने ताटलीवर ठोकायची. एक ठोका म्हणजे इकडे या, दोन म्हणजे लवकर या. तिसरा ठोका सहसा ताटलीवर पडत नसे. नवऱ्याला खुणांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मीठ मागितलं की स्टूल आणून द्यायचा, खिडकी लाव म्हटलं की दार उघडायचा. पहिले काही दिवस त्याने निवांत झोपा काढल्या. मग त्याला करमेना. होडीवरून आला की जाळं खांद्यावरून उतरवायच्या आधीच “आलो, आलो” म्हणायचा, कुणी हाक मारलेली नसताना. तसाच दारात थोडा वेळ उभा राहायचा. चिखलाच्या पायांवरून कुणी दोन शब्द सुनावेल याची वाट बघायचा. तिला त्याचं हसूही यायचं आणि गलबलूनही यायचं.

त्या हंगामात पाणीच बिघडलं होतं. वारा उलटी दिशा धरून बसला, चांगली मासळी खोल निघून गेली, आणि बापलेक रोज होडी घेऊन जायचे ते नुसते लेप घेऊन परत यायचे. लेप म्हणजे चिखलात पसरून राहणारा चपटा मासा. वरची बाजू चिखलाच्याच रंगाची, खरखरीत. खालची पांढरी. दोन्ही डोळे वरच्या बाजूला एकमेकांना खेटून, आणि तोंड असं वाकडं की आत्ताच कुणी कडू औषध पाजलंय. खाणाऱ्याला गोड, काट्याचा फारसा त्रास नाही. पण खाण्याआधी तो बघावा लागतो, तिथेच घोडं अडतं. बाकीचे मासे गिऱ्हाईक बघून घेतं, लेप मात्र तोंडाच्या जोरावर विकावा लागतो. आणि घरातलं विकणारं एकुलतं एक तोंड बंद होतं.

ओटा रिकामा ठेवायची सोय नव्हती. लांबच्या हॉटेलांना माल पाठवणारा बर्फवाला कधीपासून त्या जागेवर डोळा ठेवून होता. त्याचा ट्रक दाराशीच लागे. तिथे त्याच्या बर्फाच्या पेट्या रचल्या की त्याचं काम किती सोपं होईल हे तो भेटेल त्याला गोड आवाजात सांगत असे. ओटा चालता नसेल तर तो दुसऱ्याला द्यायचा, असा बाजाराचा कायदा होता. हा ओटा तिने ऐन उमेदीत, भांडून आणि घसा फोडून मिळवला होता. पोराच्या जन्माच्या आठ दिवस आधीपर्यंत ती त्याच्यावर बसली होती, आणि जन्मानंतर पोराला टोपलीत घालून त्याच्याखाली ठेवलं होतं.

तेव्हा उरली सून. ती आली होती आतल्या भागातून, उघड्या माळावरच्या मेंढपाळाच्या घरातून. कामाला वाघीण, पण बोलणं म्हणजे “हो आई”, “नको आई” आणि “वाढू का?” यापलीकडे नाही. सासू तिला माया लावायची, पण बाजाराच्या बाबतीत तिने मनातून पोरीवर काट मारली होती. आता तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आदल्या संध्याकाळी सासूने तिला खुणांनी सगळं शिकवलं. सुरी कशी धरायची, बर्फ कुठे घालायचा, पाणी किती शिंपडायचं, घासाघीस करणाऱ्या बाईकडे कसं बघायचं. हे शेवटचं तर तिने इतकं हुबेहूब करून दाखवलं की सून एक पाऊल मागे सरकली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास पोरगी लेपांचा क्रेट डोक्यावर घेऊन गेली आणि सासू घरी जाळं सांधत बसली. बाजारात गेलो तर तोंड उघडल्याशिवाय राहणार नाही, हे तिला स्वतःला चांगलं माहीत होतं. सुई चालत होती पण जीव टांगणीला लागला होता.

ऊन वर आलं तसा नवरा धापा टाकत घरी आला.

“अगं, ऐकलंस का? सगळे गेले! मी दारातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एकूण एक लेप पालथा! बाजाराचा मुकादम म्हणाला, वहिनींनासुद्धा इतक्या सकाळी कधी जमलं नव्हतं.”

त्या बाजारात लेप विकायला मांडताना मातकट बाजू वर ठेवायची रीत होती. गिऱ्हाइकाने भाव ठरवला आणि ‘बाकीचं घेऊन येते’ म्हणून पुढे गेलं, की तो मासा उलटायचा. पांढरी बाजू वर दिसली म्हणजे विकला गेला. मग त्याला कुणी हात लावत नसे, भाव विचारत नसे, ओट्यासमोर थांबतही नसे. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. रांगत्या वयापासून सगळे बघतच आलेले.

सासूच्या हातातली सुई गळून पडली. छाती अभिमानाने फुगली. त्याच्या पाठोपाठ छातीत काहीतरी टोचलंही. ही मुकी पोर सकाळी सकाळी अख्खा क्रेट विकते, तर आपण इतकी वर्षं घसा कशाला फोडला? पण ती मनाची मोठी होती. तिने पळी उचलून ताटलीवर मजेत ताल धरला आणि नवऱ्याला खुणेने सांगितलं की पोरीसाठी गरम पाणी ठेव. त्याने केरसुणी आणून दिली.

इतक्यात सून दारात आली. डोक्यावर क्रेट होता आणि तो जाताना होता तसाच भरलेला होता.

“आई,” ती क्रेट उतरवत म्हणाली, “कुणी साधा भावसुद्धा विचारला नाही.”

सासूने क्रेटमध्ये हात घालून बघितलं.

“मी नीट मांडले होते हो. धुतले, पुसले, ओळीत लावले. वरची बाजू किती कळकट दिसते, म्हणून पांढरी, स्वच्छ बाजू वर केली. बाया यायच्या, बघायच्या, ‘वा!’ म्हणायच्या आणि निघून जायच्या. मला वाटलं, आवडलंय म्हणतायत तर परत येतील.”

सासऱ्याला आधी खोकला आला. मग तो भिंतीला टेकला. मग जाळ्याच्या ढिगावर बसून त्याने मांड्यांवर थापा मारायला सुरुवात केली. “वा म्हणायच्या! अगं, वा म्हणणारच! सगळं विकून वर निवांत बसलेली पोरगी म्हटल्यावर...” डोळे पुसत त्याने बाजाराची रीत सांगितली. ऐकता ऐकता सुनेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती परसात निघून गेली.

पळीचा तिसरा ठोका कुठे पडायचा तिथे पडला. नवरा खांदा चोळत म्हणाला, “मी काय केलं?” आणि मग पडलेल्या आवाजात, “हसायला नको होतं, नाही का?”

सासू परसात गेली. सून नळाजवळ पाठ करून बसली होती. सासूने क्रेट फरफटत तिच्याजवळ आणला, मधे फळी टाकली, राखेचं डबडं ठेवलं. लेप फार वेळ टिकत नाही. विकला गेला नाही तर सोलायचा, खारवायचा आणि वाळत घालायचा. तिने एक लेप फळीवर घेतला, शेपटाशी सुरीने बारीक चीर पाडली, बोटं राखेत बुडवली, कातडीचं टोक चिमटीत धरलं आणि शेपटाकडून डोक्याकडे एका दमात ओढलं. जुनं कापड फाटावं तसा आवाज झाला. मातकट कातडी हातात आली आणि खाली गोरा, चकचकीत मासा उरला.

सुनेने दुसरा घेतला. पहिल्यांदा कातडी मधेच तुटली. दुसऱ्यांदा निघाली. तिसऱ्यांदा तिने अशी ओढली की सासूने सुरी खाली ठेवून तिच्या मनगटाकडे बघितलं. मेंढ्यांची लोकर कातरणारे हात होते ते. दोघींच्या मधे कातड्यांचा ढीग वाढायला लागला. वास, माशा, पाठीवर ऊन. आणि समोरचं माणूस उत्तर देऊ शकत नाही म्हणून असेल, पोरगी बोलायला लागली. वर्षभराचं साचलेलं बोलली.

“मला ओरडता येत नाही असं नाही, आई. पण इथे माणसं किती जवळ असतात! गिऱ्हाईक हातभर अंतरावर उभं. त्याच्या तोंडावर कसं ओरडायचं? आमच्याकडे जवळच्या माणसावर ओरडलं की भांडण झालं असं समजतात. म्हणून मी हळूच म्हणत होते, घ्या ना, ताजा आहे. ते मला एकटीलाच ऐकू येत होतं.” तिने हाताच्या उलट्या बाजूने नाक पुसलं आणि गालाला राख लागली. “तुमचा ओटा माझ्यामुळे गेला तर मी ह्यांना काय तोंड दाखवू?”

सासूच्या घशाशी शब्द दाटून आले. वेडी आहेस का, चूक माझी, मी सांगायला विसरले, असं कितीतरी. सगळं गिळलं. तिने ओल्या बोटाने पोरीच्या गालावरची राख पुसायला घेतली. बोटावरही राखच होती, त्यामुळे पोरीचा अख्खा गाल काळा झाला. सुनेने नळाखालच्या बादलीत आपलं तोंड बघितलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. सासूला ती फार, फार आवडली. आपल्याला ती इतकी आवडते हे तिला आधी कधी कळलं नव्हतं, कारण आधी ती स्वतःच बोलत असायची.

लेप दोरीवर वाळत पडले तेव्हा मुकादम आला. भला माणूस, पण कायद्याला घाबरणारा. स्टुलावर बसला, टोपी काढली, परत घातली.

“वहिनी, बर्फवाल्याने तक्रार केली आहे. म्हणतो, विकला नाही तो माल पालथा घातला, बाजाराशी खोटेपणा केला. ओटा अडवून ठेवायला हे नाटक आहे, म्हणतो.”

नवऱ्याने घाईघाईने खरा प्रकार सांगितला. मुकादमाच्या ओठांचे कोपरे हलले, पण सून समोर उभी बघून त्याने आवरलं. “मला पटतंय हो. पण तो पाच जणांना घेऊन आला होता. उद्या सकाळी पुकारा घेणार. मी वजनकाट्याजवळ उभा राहीन, तोही माझ्याजवळ असेल. प्रत्येक ओट्यावरून आपापल्या मालाची हाळी यायला पाहिजे, स्वतः मालकिणीची किंवा तिच्या घरच्या बाईची. काट्यापाशी ऐकू आली तर ओटा चालता. नाही आली तर उद्यापासून पेट्या लागतील.” निघताना तो दारात थांबला. “आणि वहिनी, तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुमच्या शिव्या ऐकल्याशिवाय मला बाजारात बरं वाटत नाही. त्या मला अजून पुष्कळ ऐकायच्या आहेत.”

पुकारा रोजचाच होता, पण एरवी तो नावापुरता. मुकादम ओट्यांपुढून फिरायचा, बाया जांभया देत आपला माल सांगायच्या. काट्याजवळून घेतलेला पुकारा कुणाला आठवत नव्हता.

सासूने मनाशी ठरवून टाकलं. पोरीला जमलं तर ठीक. नाहीतर एक हाळी आपण द्यायची. एकच. आवाज गेला तर गेला. त्या आवाजाने ओटा आणला, तो आवाज देऊन ओटा राहत असेल तर राहू दे. पुढे ह्या पोरीला बसायचं आहे, तिच्या पोरांना बसायचं आहे. विचार पक्का झाला आणि लगेच तिला रडू आलं. ती बोलकी बाई होती. उरलेलं आयुष्य पळी आणि ताटलीवर काढायचं, नवऱ्याला एकही शिवी न देता म्हातारं व्हायचं, म्हणजे काय गंमत होती का? पण तिने कुणाला काही दाखवलं नाही. दाखवायला तोंडही नव्हतं.

सकाळी ती गळ्याला पट्टा गुंडाळून सुनेच्या मागोमाग निघाली. नवरा आणि मुलगा होडी तशीच ठेवून आले आणि दाराबाहेर पायांवर पाय घासत उभे राहिले. ओट्यावर दोघींनी मिळून लेप मांडले, मातकट बाजू वर, डोळे गिऱ्हाइकाकडे. सुनेने प्रत्येक लेप दोनदा तपासला.

काट्याजवळ मुकादम उभा राहिला. शेजारी बर्फवाला, हात खिशात. दाराबाहेर त्याचे हमाल पेट्यांवर बसलेले होते. पुकारा काट्याच्या बाजूने सुरू झाला आणि ओट्यामागून ओटा करत दाराकडे यायला लागला. कालवंवाली झाली. खेकडेवाली झाली. समोरच्या ओट्यावरची कोळंबीवाली, भोंग्याची जन्माची भांडखोर मैत्रीण, इतक्या जोरात ओरडली की तिची कोळंबी परत जिवंत होते की काय असं वाटलं. मग तिने समोर बघितलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, चल पोरी.

सुनेने तोंड उघडलं. “लेप,” ती म्हणाली.

ते समोरच्या कोळंबीवालीपर्यंतही गेलं नाही. मुकादमाने कानामागे हात धरला. सुनेने पुन्हा म्हटलं. समोर बाया दाटीवाटीने उभ्या होत्या, सगळ्यांचे डोळे तिच्यावर, इतक्या जवळ की त्यांचा श्वास तिच्या चेहऱ्याला लागत होता. आवाज आणखी बारीक झाला. बर्फवाल्याने खिशातला एक हात बाहेर काढून हमालांना खूण केली. दोघे उठले आणि एक पेटी उचलून दारातून आत आले.

सासूने पट्टा सैल केला. ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकले. पोटापासून श्वास ओढून घेतला. बाजारातल्या जुन्या बायांना तो श्वास ओळखीचा होता, त्यांनी सवयीने डोळे मिटले.

सुनेनेही तो बघितला. आणि तिने अख्ख्या बाजारासमोर, लेपाच्या बुळबुळीत हाताने, सासूचं तोंड गच्च दाबून धरलं.

मग तिने मान वर केली. माणसांच्या डोक्यांवरून पलीकडे बघितलं, पार काट्यापर्यंत. मुकादम तिथे बोटाएवढा दिसत होता, माळाच्या दुसऱ्या टोकाला असावा तसा. तेवढं अंतर तिच्या ओळखीचं होतं.

“होऽऽऽऽ! लेऽऽऽऽप!”

असा आवाज त्या बाजाराने ऐकला नव्हता. भोंग्याचा आवाज अंगावर येऊन आदळायचा. हा वरून गेला, छपराला लागून लांबत गेला, थांबेचना. हमालांनी पेटी खाली ठेवली. कुणाचं तरी कुत्रं मुकाट्याने खाली बसलं. मुकादमाने टोपी काढली. पण पोरीचं अजून संपलं नव्हतं. काल खोटेपणाचा आळ आला होता, तो तिला डाचत होता.

“खरं सांगतेऽऽऽ! एकही विकला नाही होऽऽऽ! सगळेच्या सगळे शिल्लक आहेतऽऽऽ!”

माल विकायला बसलेल्या बाईने अशी हाळी जगाच्या पाठीवर कधी दिली नसेल. मग कोळंबीवालीने “अगं बाई गं!” म्हणून कपाळाला हात लावला आणि हशाचा असा लोंढा उठला की तो दारापासून काट्यापर्यंत जाऊन परत आला. मुकादम टोपी हलवून ओरडत होता, “ऐकू आलं! ऐकू आलं! ओटा चालता आहे!” बर्फवाला काहीतरी बोलत होता पण ते कुणालाच ऐकू आलं नाही. दारात सासरा मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता की हसत होता, ते त्यालाच ठाऊक.

सून भानावर आली. आपला हात कुठे आहे ते तिला दिसलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. “आई! चुकलं माझं! हात घाण आहे हो, सोडा.”

सासू सोडेना. तिने दोन्ही हातांनी पोरीचं मनगट पकडलं आणि तो खारट, चिकट पंजा आपल्या तोंडावर आणखी घट्ट दाबून घेतला, कारण पोटातून हसू उसळ्या मारत वर येत होतं आणि ते बाहेर पडलं असतं तर डॉक्टरांची सगळी मेहनत वाया गेली असती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खांदे गदगदत होते, चेहरा लालबुंद झाला होता, पण घशातून चकार आवाज निघू दिला नाही.

“कसा दिलास गं लेप?” पहिलं गिऱ्हाईक ओट्याला येऊन भिडलं, त्याच्यामागे दुसरं, तिसरं.

सुनेने भाव सांगितला, मासे निवडून दिले, एकामागून एक लेप पालथे केले, सगळं एकाच हाताने. दुसरा हात सासूने बराच वेळ परत दिला नाही.